एक नाव, दोन माणसे : नोंद कुठे ठेवावी आणि कशी ओळखावी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवातल्या व्याख्यानांत आपण संतसाहित्य, नाट्यसंगीत, आरोग्य असे विषय नेहमी ऐकतो. या वर्षी कार्यकारिणीने आम्हांला संगणकावर बोलायला सांगितले, त्याला कारण आहे. मंडळाची जुनी सभासद-वही आणि वर्गणीची पावतीपुस्तके संगणकावर चढवायचे घाटते आहे. काम आपली तरुण मंडळी करणार आहेत. ते सुरू होण्याआधी नोंद कुठे ठेवायची, पुन्हा कशावरून शोधायची आणि दोन नोंदी वेगळ्या आहेत हे कशावरून ओळखायचे, हे तीन प्रश्न सर्वांपुढे मांडावेत असे ठरले. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागल्याला आम्हांला वीस वर्षे होऊन गेली, आणि ती सगळी नोंदींच्या संगतीतच गेली. तेव्हा बोलू ते नोंदींबद्दलच.

मोठमोठ्या कंपन्या आज अब्जावधी नोंदी शेकडो संगणकांवर वाटून ठेवतात. अशा ठेवणीला डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस म्हणतात. त्यातल्या तक्त्यांची रचना कशी करतात ते आधी पाहू, आणि आपल्या उपयोगाचे काय ते शेवटी ठरवू.

आपल्यापैकी पुष्कळ जण नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊन आले असतील. तिथे पहिला प्रश्न येतो : आडनाव काय, मूळ गाव कोणते? आपली चौथी-पाचवी पिढी बडोद्यात नांदते आहे, पण ‘बडोदे’ हे उत्तर तिथे पुरत नाही. मूळ गाव सांगितले की त्या गावाचे उपाध्ये कोण हे कुणीतरी सांगतो. त्यांच्या घरी नामावळीची वही निघते आणि आजोबा-पणजोबांनी येऊन केलेली नोंद, कधी मोडीत, कधी त्यांच्या सहीनिशी, आपल्यासमोर येते.

यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, कोणत्या घरी जायचे. दुसरी, त्या घरच्या वहीत कोणते पान उघडायचे. सगळ्या उपाध्यांच्या सगळ्या वह्या चाळाव्या लागत नाहीत, म्हणून काम अर्ध्या तासात होते. पण एखाद्याने विचारले, “अमुक एका साली नाशिकला आलेल्या सगळ्या यात्रेकरूंची यादी द्या,” तर? मग प्रत्येक घरची प्रत्येक वही उघडावी लागेल. वह्यांत माहिती आहे, पण वह्या त्या प्रश्नासाठी लावलेल्या नाहीत. त्या ‘या घराण्यातले कोण कोण येऊन गेले’ या एका प्रश्नासाठी लावलेल्या आहेत. एवढे लक्षात राहिले तर आजचा अर्धा विषय समजला असे समजा.

आता संगणकाकडे येऊ. 1970 साली आयबीएम कंपनीतल्या ई. एफ. कॉड या गणितज्ञाने माहिती तक्त्यांत कशी ठेवावी याचा एक मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे जी शिस्त घडली तिचे सार असे की प्रत्येक गोष्ट एकदाच लिहावी. सभासदाचा पत्ता सभासदांच्या तक्त्यात, वर्गणी वर्गणीच्या तक्त्यात, आणि गरज पडेल तेव्हा दोन्ही तक्ते जोडून उत्तर काढावे. कोणता प्रश्न विचारणार हे आधी ठरवण्याची फारशी गरज नाही. बँका, सरकारी कार्यालये, पुष्कळ ठिकाणी याच शिस्तीचे डेटाबेस आहेत आणि ते उत्तम चालतात.

अडचण येते ती माहिती एका संगणकात मावेनाशी झाली की. तक्ते पन्नास संगणकांवर पसरले की ते जोडायला पन्नास ठिकाणी हिंडावे लागते, आणि त्यातले काही संगणक कोणत्याही वेळी बंद असू शकतात. गूगलने 2006 साली आपल्या ‘बिगटेबल’ या व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला, अॅमेझॉनने 2007 साली ‘डायनॅमो’वर. या दोन्हींतल्या कल्पना एकत्र करून फेसबुकमध्ये ‘कॅसान्ड्रा’ हा डेटाबेस तयार झाला. टपालपेटीतले संदेश शोधण्यासाठी तो बनवला होता. बनवणारे दोघे अभियंते अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक. लक्ष्मण हे डायनॅमोच्या निबंधाचेही एक लेखक. 2008 मध्ये फेसबुकने कॅसान्ड्रा सर्वांसाठी खुला केला आणि 2010 पासून तो अपाची प्रतिष्ठानचा मुख्य प्रकल्प झाला. आज तो कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो.

कॅसान्ड्रात अनेक संगणक एकत्र काम करतात आणि त्यांत कुणी मुख्य नाही, सगळे सारखे. मग नोंद कुणाकडे ठेवायची हे कोण ठरवते? नाशिकला ते गाव आणि आडनाव ठरवते. इथे नोंदीचा एक भाग, ज्याला पार्टिशन की म्हणतात, एका गणिती चक्कीतून काढतात. या चक्कीचे नाव मर्मर-थ्री. तिच्यातून एक भला मोठा आकडा बाहेर येतो. सगळ्या संभाव्य आकड्यांचे पट्टे पाडून ते संगणकांना वाटून दिलेले असतात. ज्याच्या पट्ट्यात आकडा पडला, नोंद त्याच्याकडे. तीच की पुन्हा दळली की तोच आकडा येतो, त्यामुळे शोधताना कुणाला विचारत बसावे लागत नाही. शिवाय नोंदीच्या एकाहून जास्त प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात, बहुधा तीन. एक संगणक बंद पडला तरी उरलेले दोन उत्तर देतात.

नाशिकच्या रीतीत आणि यात एक फरक आहे. तिथे शेजारच्या दोन गावांच्या वह्या एकाच उपाध्यांकडे असू शकतात. चक्कीला शेजार कळत नाही. सभासद क्रमांक 101 एका संगणकावर गेला तर 102 भलत्याच संगणकावर जाईल. काम सर्वांवर सारखे वाटले जावे म्हणून हे मुद्दाम केलेले आहे.

या डेटाबेसमध्ये प्रत्येक तक्त्याला एक प्रायमरी की द्यावीच लागते. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे आत्ता सांगितलेली पार्टिशन की, ती घर ठरवते. दुसऱ्या भागाला क्लस्टरिंग कॉलम म्हणतात, त्यावरून घरातल्या वहीतला क्रम ठरतो. एका पार्टिशन कीखाली येणाऱ्या सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी, क्रमाने लावलेल्या राहतात. त्यांना आपण ‘गठ्ठा’ म्हणू. पूर्वी असा सगळा गठ्ठा एकच आडवी ओळ मानत : डावीकडे की आणि उजवीकडे मागाहून येतील तशा जोडलेल्या नोंदी, हजारो, लाखो. म्हणून याला वाइड रो, म्हणजे रुंद ओळ, हे नाव पडले. आता त्या उभ्या ओळींसारख्या दिसतात, पण एका कीच्या नोंदी आजही एकाच ठिकाणी, क्रमाने राहतात.

आपल्या वर्गणीचेच उदाहरण घेऊ. खजिनदारांना विचारायचे आहे : या सभासदाने आजवर कोणत्या वर्षी किती दिले? मग पार्टिशन की सभासद क्रमांक आणि क्लस्टरिंग कॉलम वर्ष. सभासदाचा एक गठ्ठा, त्यात वर्षांच्या क्रमाने नोंदी. एका ठिकाणी गेले की सगळे उत्तर एका दमात मिळते. रचना छान दिसते.

पण या छान रचनेत एक खड्डा आहे. समजा एका सभासदाने श्रावणात 501 रुपये वर्गणी दिली आणि उत्सवात महाप्रसादासाठी आणखी 1100 रुपये दिले. दोन्हींचा सभासद क्रमांक एक, वर्ष एक. म्हणजे प्रायमरी की एकच. आपल्या कार्यालयातल्या डेटाबेसने दुसरी नोंद घेताना “ही की आधीच आहे” असे म्हणून काम थांबवले असते. कॅसान्ड्रा थांबवत नाही. भरभर लिहिता यावे म्हणून तो लिहिण्यापूर्वी जुने काही आहे का हे बघतच नाही. नवी नोंद जुनीच्या जागी बसते. चुकीचा संदेश येत नाही, घंटा वाजत नाही. 501 रुपयांची नोंद नाहीशी होते आणि वर्षाअखेर रोकड जुळत नाही तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात येते.

उपाय सोपा आहे. क्लस्टरिंगमध्ये वर्षापुढे पावती क्रमांकही घ्यावा. मग दोन पावत्या म्हणजे दोन नोंदी. ‘आधी बघ आणि नसेल तरच लिही’ अशी आज्ञाही कॅसान्ड्राला देता येते, पण त्यासाठी संगणकांना आपसांत बोलून एकमत करावे लागते आणि वेळ लागतो, म्हणून ती जपून वापरतात. मूळ की बरोबर असली तर अशा पहाऱ्याची गरज कमी पडते.

यातून जे ध्यानात घ्यायचे ते असे. प्रायमरी की ही केवळ पत्ता नाही. कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या मानायच्या आणि कोणत्या एकच मानायच्या, याचा तो निवाडा आहे. कीमध्ये जो फरक दिसत नाही, तो डेटाबेसच्या लेखी नाहीच.

आता दुसरा प्रश्न. खजिनदारांना कळले, पण विभागप्रमुखांना हवे आहे : यंदा रावपुऱ्यातून कुणाकुणाची वर्गणी आली? पहिला तक्ता हे सांगू शकत नाही. पार्टिशन कीशिवाय विचारले तर कॅसान्ड्रा नकार देतो. हट्टच धरला तर सगळे गठ्ठे चाळायची खास परवानगी लिहून द्यावी लागते, आणि मोठ्या तक्त्यावर ती देऊ नये. मग करायचे काय? दुसरा तक्ता करायचा. त्यात पार्टिशन की वर्ष आणि विभाग मिळून, आणि आत सभासद क्रमांक व पावती क्रमांक. तीच पावती दोन्ही तक्त्यांत लिहायची.

“तीच गोष्ट दोनदा लिहायची?” असे आमच्यासारख्या जुन्या शिस्तीत शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा खटकते. पण बडोदेकरांना तरी यात नवल वाटू नये. महाराज सयाजीराव तिसरे यांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालांना बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांची चळवळ उभी केली. आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा इतिहास त्याच काळाशी जोडलेला आहे. कोणत्याही चांगल्या वाचनालयातले कार्डांचे खण आठवा. पुस्तक एक, पण कार्डे तीन : एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे, एक विषयाचे. वाचक तीन तऱ्हांनी विचारतो म्हणून ग्रंथपाल तीनदा लिहितो. लिहिणाऱ्याचे कष्ट वाढतात, शोधणाऱ्याचे वाचतात. रुंद ओळींच्या तक्त्यांचा कायदा हाच आहे : आधी प्रश्नांची यादी करा, मग प्रत्येक प्रश्नासाठी तक्ता मांडा.

याची किंमतही मोजावी लागते. एखादी गोष्ट बदलली तर ती सगळ्या तक्त्यांत बदलण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. एक खण दुरुस्त केला आणि दुसरा राहिला, तर दोन खण दोन गोष्टी सांगू लागतात. म्हणून तक्ते हौसेने वाढवू नयेत. खरोखर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपुरतेच करावेत.

ही रचना मोठ्या प्रमाणावर कशी चालते, याचे एक जाहीर उदाहरण सांगतो. आपल्या घरातली मुले ‘डिस्कॉर्ड’वर गप्पा मारतात. ही सेवा 2015 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिच्याकडे दहा कोटी संदेश जमले. जुन्या डेटाबेसला ते पेलवेनात, म्हणून ते कॅसान्ड्राकडे वळले, आणि आपली रचना त्यांच्या अभियंत्यांनी 2017 मध्ये सविस्तर लिहून प्रसिद्ध केली.

त्यांचा मुख्य प्रश्न होता : या चॅनेलवरचे शेवटचे काही संदेश दाखव. म्हणून पार्टिशन की चॅनेलचा क्रमांक आणि क्लस्टरिंग संदेशाचा क्रमांक. संदेशाच्या क्रमांकातच वेळ गुंफलेली असते, त्यामुळे क्रमांकाने लावले की काळाच्या क्रमाने आपोआप लागते. पण जुने संदेश भरताना इशारे येऊ लागले की काही गठ्ठे 100 मेगाबाइटच्या पुढे गेले आहेत. बरोबरच आहे. बोलक्या मंडळींचे चॅनेल वर्षानुवर्षे वाढतच राहणार आणि सगळा भार एकाच घरावर पडणार. कॅसान्ड्राची कागदावरची मर्यादा एका गठ्ठ्यात दोन अब्ज घरे इतकी मोठी आहे, पण त्याच्या कितीतरी आधीच काम मंदावते.

मग त्यांनी पार्टिशन कीमध्ये काळाचा एक कप्पा जोडला : चॅनेल आणि दहा दिवसांचा कप्पा मिळून एक गठ्ठा. दहा दिवस झाले की नवा गठ्ठा. आपण नाही का, पावतीपुस्तक भरले की नवे घेतो! यातही देवाणघेवाण आहे. शांत चॅनेलवर पन्नास संदेश गोळा करायला अनेक कप्पे उघडून पाहावे लागतात. ती गैरसोय त्यांनी विचारपूर्वक पत्करली.

पुढची अडचण वेगळी निघाली. एखाद्या मोठ्या चॅनेलवर सर्वांना उद्देशून सूचना आली की हजारो लोक एकाच वेळी तोच गठ्ठा मागतात. बाकी संगणक मोकळे, एकावर मात्र झुंबड. याला हॉट पार्टिशन म्हणतात. आरतीनंतर प्रसादाच्या चार खिडक्या असूनही सगळे एकीच्याच पुढे उभे राहावेत, तसे. 2022 पर्यंत त्यांचे कॅसान्ड्राचे संगणक 12 वरून 177 झाले होते. त्या वर्षी त्यांनी संदेश ‘सिला-डीबी’ या त्याच धाटणीच्या पण वेगवान डेटाबेसवर हलवले आणि संगणक 72 वर आणले. सोबत, एकच गोष्ट अनेकांनी एकदम मागितली तर भांडाराला एकदाच विचारून उत्तर सर्वांना वाटायचे, अशी मधली व्यवस्था उभी केली. म्हणजे गठ्ठा फार मोठा नको, त्यावर एकाच वेळी फार गर्दी नको, आणि तरी एका प्रश्नाचे उत्तर शक्यतो एकाच गठ्ठ्यात हवे. या तीन गोष्टींचा मेळ घालणे हेच रचनाकाराचे काम.

इथवर तंत्र झाले. आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो.

सभासदाची की काय ठेवावी? पहिला विचार येतो नावाचा. पण आपल्या घरांतली चाल आठवा. पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे. आजोबा माधव गणेश. त्यांचा मुलगा गणेश माधव. त्याचा मुलगा पुन्हा माधव गणेश. आडनाव तेच, पत्ता तोच वाडा. आजोबा आणि नातू यांचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर एक! घरात आपण ‘दादा’ आणि ‘बाळ’ म्हणून भेद करतो, पण वहीला ते माहीत नसते.

मग म्हणाल, जन्मतारीख जोडा. आजोबा-नातवांचा प्रश्न त्याने सुटेलही. पण जुन्या पिढीत किती जणांची तारीख 1 जून आहे ते पाहा. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर 1 जून लिहीत. आमच्या टेबलावर अशा तारखा रोज येतात. 1 जूनला जन्मलेले दोन नामसारखे गृहस्थ निघणे मुळीच अवघड नाही.

उलट बाजूही आहे. एकच माणूस, पण नावे अनेक. आपल्या सुमनताई गुजराती दाखल्यावर सुमनबेन होतात. मराठी वहीत आडनाव शेवटी, शाळेच्या दाखल्यात ते पहिले. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, आणि मागच्या पिढीत लग्नात पाळण्यातले नावसुद्धा बदलत असे. बडोद्याच्या मराठी बाईच्या आयुष्यात तिच्या नावाची चार रूपे सहज होतात. नाव ही की धरली तर ती चार माणसे ठरते, आणि आजोबा-नातू मिळून एक.

हे केवळ कागदावरचे नाही. आमच्या परिचयातल्या एका घरात आजोबा वारले. मुलाने रीतसर जाऊन मृत्यूची नोंद दिली. एका कार्यालयाने, नाव घेण्याचे कारण नाही, ती नावावरून लावली आणि लागली ती नातवाच्या खात्याला. पंचविशीतल्या मुलाचे काम अडले, कारण कागदोपत्री तो हयात नव्हता. स्वतः खिडकीसमोर उभा राहून “मी जिवंत आहे” याचा पुरावा त्याला द्यावा लागला. त्याच्या आजीला हे सांगायचे कसे, हा घरच्यांपुढचा त्याहून मोठा पेच होता. नवऱ्याचे तेरावे होऊन महिना झाला नव्हता आणि नातवाच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेला कागद घरात आला होता. तिथे कोणते सॉफ्टवेअर होते याला महत्त्व नाही. नोंदीची ओळख नावावर ठेवली होती, एवढेच कारण पुरेसे होते.

कॅसान्ड्रात हे आणखी चमत्कारिक होते. तिथे नोंद पुसली म्हणजे ती लगेच जात नाही. तिच्यावर एक खूण ठेवली जाते आणि त्या खुणेचे नावच आहे टूमस्टोन, म्हणजे थडग्यावरचा दगड. ठरावीक मुदत, बदल न केल्यास दहा दिवस, ही खूण ठेवतात, कारण बंद पडलेला संगणक परत आला की त्यालाही कळावे की ही नोंद गेली. त्याने मुदतीत ते जाणून घेतले नाही आणि दगड काढून टाकला, तर त्याच्याकडची जुनी प्रत पुन्हा सगळीकडे पसरते आणि गेलेली नोंद परत येते. डिस्कॉर्डवर तर असे घडले की एकजण संदेश दुरुस्त करत असतानाच दुसऱ्याने तो पुसला. मागे उरली एक अर्धवट नोंद, जिच्यात मजकूर होता पण लिहिणारा कोण ते नव्हते. आधी न बघता लिहिण्याची ही फळे. दगड कुणाच्या नावाने बसवायचा हे कीच ठरवते, म्हणून की चुकली की दगड भलत्यावर बसतो.

तर मग चांगली की कशी असावी? आमच्या अनुभवात तिची लक्षणे चार. ती बदलू नये. म्हणून पत्ता, विभाग, आडनाव, फोन हे माणसाच्या ओळखीच्या कीमध्ये घालू नयेत. कॅसान्ड्रात तर एकदा लिहिलेल्या नोंदीची की बदलताच येत नाही, जुनी पुसून नवी लिहावी लागते. ती अर्थाच्या ओझ्याखाली नसावी. साधा क्रमांक उत्तम. ती दोघांना मिळू नये. आणि ती पुन्हा वापरू नये. सभासद निवर्तला म्हणून त्याचा क्रमांक रिकामा झाला असे समजून दुसऱ्याला देऊ नये. त्याच्या जुन्या पावत्या त्या क्रमांकावर आहेत, त्या नव्या माणसाच्या नावावर जातील.

वर्गणीच्या दुसऱ्या तक्त्यात आपण विभाग कीमध्ये घेतला होता, हे कुणाच्या लक्षात आले असेल. तिथे तो चालतो, कारण ती त्या दिवसाच्या पावतीची नोंद आहे. माणूस उद्या दुसरीकडे राहायला गेला तरी ती पावती रावपुऱ्यातूनच आली होती.

“पण क्रमांक कुणाला लक्षात राहतो?” अगदी खरे. आजींना आपला सभासद क्रमांक विचारू नये. त्यासाठी नावांचा वेगळा तक्ता करावा. नावाची सगळी रूपे त्यात लिहावीत : सुमनताई, सुमनबेन, माहेरचे नाव. प्रत्येकापुढे क्रमांक. माधव गणेश विचारले की दोन क्रमांक समोर यावेत, आणि मग खिडकीवरच्या माणसाने तोंडाने विचारावे, “आजोबा की नातू?” थोडक्यात, नाव शोधण्यासाठी आणि क्रमांक ओळखण्यासाठी. दोन्ही कामे एकाच गोष्टीवर टाकली की घोटाळा होतो.

शेवटी आपल्या मंडळाबद्दल. आपल्या काहीशे कुटुंबांसाठी कॅसान्ड्राची मुळीच गरज नाही. एक चांगला संगणक आणि साधा डेटाबेस पुष्कळ झाला. कुणी मोठे नाव सांगून मंडळाला महागडी व्यवस्था विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. पण की ठरवण्याचा विचार मोठ्या भांडाराला जितका लागू, तितकाच आपल्या वहीला.

म्हणून तरुण मंडळींना आमचे सांगणे असे. टायपिंगला बसण्याआधी दोन संध्याकाळी ज्येष्ठांसोबत बसा. पहिल्या दिवशी फक्त प्रश्न लिहा : खजिनदार काय विचारतात, विभागप्रमुख काय विचारतात, वर्धापनदिनाला काय लागते. दुसऱ्या दिवशी जुनी वही उघडा आणि एकेका नावापाशी थांबून विचारा की हा एक की दोन. दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात एकाच नावाचे दोघे होते हे आज सांगू शकणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. हे ज्ञान कोणत्याही संगणकात नाही, आणि वही एकदा नावाच्या कीने चढवली की दोघांतला एक कायमचा पुसला जाईल. कुणाला पत्ताही लागणार नाही.

आपल्या पूर्वजांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इथे येऊन घरे केली. त्यांच्यातले पुष्कळ जण आज आपल्याला केवळ कुठल्यातरी वहीतल्या एका ओळीने माहीत आहेत. ती ओळ ज्याची त्याच्याच नावावर राहावी, एवढे आपण करू शकतो. काम या कार्तिकात सुरू करायचे आहे. ज्यांना जुनी नावे आठवतात त्यांनी व्याख्यानानंतर कार्यवाहांकडे आपले नाव द्यावे. सभासद क्रमांक आठवत असेल तर तोही.



गणपती बाप्पा मोरया!